टेकडीवरच्या कुरडया

सोलर पंप विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाजवळ फार बोलू नये, हे मला अल्लीपूरकडच्या एका टेकडीनं शिकवलं. तिथल्या पाण्याच्या टाकीजवळ गावच्या पंपासाठी मी सोलरच्या सहा प्लेटा बसवल्या होत्या. उन्हाळा लागला आणि सरपंचाचा फोन आला.

"शेठजी, नळ कोरडे पडले! असंच राह्यलं तं तुमचा पंप तुमच्या दुकानात आणून टाकतो."

धापा टाकत टेकडी चढलो. पाहतो तर सगळ्या प्लेटांवर लुगडी अंथरलेली, त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडया, आणि राखणीला काठी घेऊन गावातल्या चंद्रभागामावशी.

"मावशी, हे काऊन केलं?"

"तुमीच तं सांगतलं न, ह्या प्लेटा सारं ऊन वढून घेते म्हणून! दोन दिसाचं वाळवण एका दिसात होऊन राह्यलं."

समजावत बसलो असतो तर दिवस मावळला असता. माझ्या गोदामात एक जळकी प्लेट पडून होती. ती आणून शेजारी मांडली आणि म्हटलं, "मावशी, ही बंद आहे. हिच्यावर पाहिजे तेवढ्या कुरडया टाकजा." नळ सुरू झाले, मी माझ्या हुशारीवर खूश.

आठ दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा तेच. वर गेलो तर कुरडया चालू प्लेटांवर आणि माझी भेट रिकामी.

"मावशी, तुमाले वेगळी प्लेट देली न!"

मावशीनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"शेठजी, तुमी धंदा कसा करता बाप्पा? बंद प्लेटवर कुरडया वाळते का कुठं?"