बुजवलेली मोरी

देवजी : आतमदी तरी येऊ दे, वयनी. गल्लीत लोका बघतात.

सखू : बघू दे. तीन वर्सांनी भावाच्या घराची वाट गावली तुना. बघनारच.

देवजी : उद्या कोर्टाची कमिटी येते तलावावर. ठाव हाय ना?

सखू : अबोलीनं केस टाकली, तिनंच सांगला मना.

देवजी : ती बाई नेरूलच्या फ्लॅटमदी राहाते. रविवारी दुर्बीन लावून फ्लेमिंगो मोजते आन् घरी जाते. सारसोल्यात आपल्याला राहाचा हाय. आईक माजा. कंपनी बोलते, त्या तलावात खाडीचा पानी कवाच येत नवता. पावसाचा साचाचा, उनाल्यात सुकाचा. सुक्या जाग्यावर टॉवर बांधला तर बिघडला काय? तू येवराच बोल. जुन्या मानसाचा शब्द कमिटी मानते.

सखू : पावसाच्या पान्यात खाडीच्या चिंबोऱ्या होतात काय रे देवजी?

देवजी : ‘रे’? आजवर भावजी बोलत होतीस.

सखू : होते. माज्या नवऱ्याचा सख्खा भाव होतास तवा.

देवजी : भांडाला नाय आयलो मी. सरल सांगतो. ती मोरी कंच्याच नकाशात नाय. रस्ता बांधला तवा खालून दोन पाईप टाकले, त्याचा कागूद कोनाकडं नाय. वर आता मुरूम हाय, गवत हाय. जागा दोघांनाच ठाव. मना आन् तुना.

सखू : तिसऱ्याला पन ठाव होती. त्याच मोरीतून भरतीचा पानी तलावात जायाचा. तुज्या डंपरांनी तिचा तोंड बुजवला. तलाव सुकला, बोय मासली मेली, पाखरा उठली. तो तिसरा फावडा घेऊन एकटा गेला आन् तोंड मोकला करून आयला. एकदा नाय, तीनदा.

देवजी : दादाला मी सांगला होता, नको जाऊस म्हनून.

सखू : सांगलास? चौथ्या बारीला तू पोलिसांत सही केलीस. ‘माज्या भावानी, गोटीरामनी, जेसीबीची बॅटरी चोरली, मी माज्या डोल्यांनी बघितला!’ एकोनीस दिस आत होता तो. ज्यानं जल्मात दुसऱ्याच्या जाल्यातली एक कोलंबी उचलली नाय.

देवजी : कागूद कंपनीच्या मानसानं पुढं केला, वयनी. सही नसती केली तर दुसऱ्या दिवशी माजे डंपर गेटाबाहेर. धंदा करताना मानूस कवा कवा...

सखू : बाहेर आयला त्यानंतर होडीत पाय नाय ठेवला त्यानं. खाडीकडं पाठ करून बसाचा. आठ म्हयन्यात गेला. आन् तू पुढं येऊन खांदा दिलास. तुना त्या तिरडीपासून ओढून काढाचा होता मना. बायकांनी धरून ठेवला.

देवजी : मी ती सही मागं घेतो.

सखू : काय?

देवजी : लिहून देतो. दादानी चोरी नाय केली, मी खोटा बोललो, सगला. कंपनीच्या वकिलाशी बोललोय. दादाचा नाव साफ होईल. तू फक्त उद्या ‘पावसाचा पानी’ बोल. दोनच शब्द.

सखू : त्याचा नाव मना इकाला आयलास तू. माज्याच दारात.

देवजी : तसा नाय, वयनी...

सखू : बस त्या पायरीवर. चष्मा लाव. हा त्याचा फोन हाय, ओलखतोस? आता बघ.

देवजी : ही... ही मोरीच हाय. हा मी.

सखू : आवाज वाढवते. आईक नीट.

देवजी : ‘आनखी दोन गाड्या खाली कर. तोंड दिसता कामा नये.’ माजाच आवाज हाय. कोनी काढला हा विडिओ?

सखू : तुज्या दादानी. तिवरांत बसून. तू सही कराच्या आदी म्हयनाभर.

देवजी : म्हनजे दादा आत होता तवा हा होता तुमच्याजवल?

सखू : होता. येवरा दावला असता तर तुजी सही कशापायी ते कलला असता, तो त्याच दिवशी सुटला असता आन् तू आत गेला असतास.

देवजी : मंग दावला का नाय?

सखू : मी जेलच्या जालीतून त्याच्या पाया पडले. रडले, शिव्या घातल्या. तो बोलला, ‘धाकटा हाय. आयनी जाताना त्याचा हात माज्या हातात दिला होता. मी धा काय, नव्वद दिस काढीन, पन त्याला आत घालून बाहेर येनार नाय.’ मना शपत घातली, कोनाला दावू नकोस.

देवजी : मना कोनी बोलला नाय हे.

सखू : आता बोलले ना? जपून ठेवला होता तुज्यासाठी. आता झोप बघू सुखानं.

देवजी : वयनी...

सखू : पानी नको मागूस. मिलनार नाय.

देवजी : काय पायजे तुना?

सखू : उद्या कमिटीसमोर मोरी तू दावाची. दावाची नाय, खनाची. जेसीबी आनाचा नाय. हातानं. सगला सारसोला उभा राहील, त्याच्यासमोर.

देवजी : कंपनी मना उभा जालील.

सखू : मंग तिच्या हातानं मर, नायतर माज्या. निवड तुजी.

देवजी : आन् मी खनली तर? हा विडिओ?

सखू : कोनाला नाय दावनार.

देवजी : दादाची शपत?

सखू : दादाचीच शपत.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. तलावाचा बांध. कमिटीचे अधिकारी आणि गाव जमलेलं. खाली देवजी कमरेइतका खड्डा खणून त्यात उभा. सखू आणि अबोली बांधावर.)

अबोली : मावशी, मला अजून खरं वाटत नाहीये. ज्यांनी मोरी बुजवली तेच स्वतः येऊन खणतायत? असं बोललात तरी काय त्यांना?

सखू : घरातला बोलना होता.

अबोली : दिसली! मावशी, काँक्रीटची कड दिसली! साहेब फोटो काढतायत. बघा, दुसरा पाईप पण आहे. आता म्हणा म्हणावं पावसाचं पाणी. सहा वर्षं मी मॅप शोधतेय, प्रत्येक ऑफिसात तेच उत्तर, ‘मॅडम, असं काही रेकॉर्डवर नाही.’

देवजी : वयनी! तोंड लागला!

सखू : आतला दगड राह्यलाय. तो पन काढ.

देवजी : हात फाटले गं माजे!

सखू : त्याचे पन फाटले होते. काढ!

अबोली : मावशी, बास आता. माणसं बघतायत. साठीचे आहेत ते.

सखू : बघाला तर बोलावली हायत.

अबोली : ऐका... पाणी! येतंय, मावशी! भरती वर चढतेय ना, बघा कसं ढकलतंय आत. साहेबांनी पंचनाम्यात लिहायला घेतलं. तलाव वाचला. खरंच वाचला. मला रडू येतंय.

सखू : ह्या फोनातला विडिओ तुज्या फोनात कसा पाठवाचा, दाव मना.

अबोली : काय आहे? बघू. हे... हे देवजीकाकाच आहेत. हे कधीचं? तुमच्याकडे होतं इतके दिवस?

सखू : साहेबाला द्याचा हाय. पाठव.

अबोली : थांबा जरा. मावशी, आता ह्याची गरज नाहीये. मोरी सापडली. ते स्वतः दाखवायला आले, म्हणजे आपले साक्षीदार झाले. कंपनीच्या कोणी ऑर्डर दिली, ते तेच सांगू शकतील.

सखू : तुना गरज नाय. मना हाय.

अबोली : ह्या व्हिडिओत कंपनीचं कुणीच नाही. एकटे तेच आहेत. उद्या कंपनी हात वर करेल. कॉन्ट्रॅक्टरनं परस्पर केलं, आम्हाला काय माहीत? ते आत जातील आणि कंपनी सुटेल. कळतंय का तुम्हाला?

सखू : कलतंय. कंपनी माजी कोन? खोटी सही सख्ख्या भावानं केली.

अबोली : पण ते आज खड्ड्यात उतरले ते उगाच नाही. तुम्ही काहीतरी शब्द दिला असणार. दिला होतात ना?

सखू : दिला. गोटीरामची शपत घेतली.

अबोली : मग?

सखू : मेलेल्याची शपत मोडली तर कोन मरतो, अबोली?

अबोली : मी नाही पाठवणार हे. सॉरी, मावशी. मी तलावासाठी आले होते.

सखू : नको पाठवूस. साहेब काय लांब नाय, चालत जाते.

देवजी : वयनी! पानी चढला, पाय रुतलेत माजे! हात दे जरा!

सखू : तू जा, काढ त्याला. तुजा साक्षीदार हाय.

अबोली : जाते. पण मावशी, एकदा विचार करा. गोटीरामकाकांनी एकोणीस दिवस ज्याच्यासाठी काढले, त्यालाच तुम्ही... ते आज इथे असते तर काय म्हणाले असते?

सखू : काय बोलला नसता. नुसता भरल्या ताटावरून उठला असता.