जॅकेट घेताना आत्या

मोठ्यांचं मी एकदाच ऐकलं, तेही चिडून. हिंजवडीत नोकरी लागल्यावर तलवारबाजीचं स्वतःचं जॅकेट घ्यायला गेले, तर आत्या सोबत. आरशात जॅकेट झकास दिसत होतं.

आत्या म्हणाली, "हात वर कर. पुढे झेप घे."

"आत्या, लोक बघतायत!"

"बघू देत. सामन्यात समोरची काय तुला आरशासमोर उभी करून मारणार आहे?"

रागारागाने झेप घेतली, तर जॅकेट वर सरकून कंबर उघडी! मग लांब जॅकेट घेतलं. पहिल्याच सामन्यात समोरचीचं पातं बरोब्बर कंबरेवर बसलं. मला ओरखडाही नाही.

घरी येऊन आत्याला घट्ट मिठी मारली. ती म्हणाली, "तलवारीतलं मला काही कळत नाही गं. मी आयुष्यभर ब्लाउज शिवलेत."