गोळ्यांची पिशवी

डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून म्हातारबाबा बाहेर आले, तशी माझ्या शेजारी बसलेली त्यांची लेक उठली.

“एवढा वेळ? काय म्हणाल्या?”

“पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या. जुन्या डॉक्टरांची पांढरी आणि हृदयवाल्यांची लाल, दोन्हींत औषध एकच निघालं. म्हणून चक्कर येत होती म्हणे.”

“चक्कर? मला एका शब्दानं सांगितलं नाहीत!”

“तू रोज विचारतेस, ‘बाबा, बरं आहे ना?’ मी म्हणतो, आहे.”

“आणि त्यांना मात्र लगेच सांगितलंत!”

“त्यांनी विचारलं, ‘शेवटचे कधी पडलात?’”

“…बाबा, तुम्ही पडलात?”

“बाथरूममध्ये. दोनदाच.”

“हात द्या इकडे.”

“अगं, मी काय लहान आहे? … बरं, धर. पायऱ्यांपुरताच हं.”