बैठक कुठं भरते, सर?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे प्रमुख आदरणीय अण्णाजी, सत्कारमूर्ती मुख्याध्यापक सदाशिवराव सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या विमलावहिनी, मंचावरचे पाहुणे, सहकारी शिक्षक, पालक आणि बंधू-भगिनींनो,

सरांच्या शिस्तीबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मीही शिस्तीबद्दलच बोलणार आहे. सर, हार गळ्यात राहू द्या, थोडा वेळ लागेल.

माझा थोरला भाऊ आदेश आंजीला शेती करायचा. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा मांडव त्यानंच बांधून दिला होता, आठवतं ना? आणि तो प्यायचा. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून दारू सोडायची म्हटलं तरी माणूस चोरासारखा इकडंतिकडं पाहतो. एके दिवशी तो आपणहून म्हणाला, "पौर्णिमे, मले सुटाचं आहे याच्यातून. कोठी जाऊ?"

मी त्याला याच शाळेचा पत्ता दिला. दर रविवारी मागच्या खोलीत दारू सोडलेली माणसं बसायची. एकमेकांना आपली गोष्ट सांगायची, चहा प्यायची, घरी जायची. दादा पहिल्यांदा जाऊन आला आणि फोनवर हसला. किती दिवसांनी हसला होता! "अवं, तिथं कोणी मले नावं नाई ठेवले," म्हणाला.

पुढच्या रविवारी तो एसटीनं वर्ध्याला आला, तर खोलीला कुलूप. पालक काय म्हणतील, म्हणून सरांनी बैठक हलवायला लावली होती. सर फाटकातच उभे होते. दादानं हात जोडून विचारलं, "बैठक कुठं भरते, सर?"

"ते सगळं बंद झालं. कायमचं."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तेव्हाही सर हेच म्हणाले. मग मी दवाखान्यात विचारलं. कुणी सिंदी रेल्वे या गावाचं नाव सांगितलं, दादा तिथंही गेला. तिथला गट केव्हाच मोडला होता. रिकाम्या हातानं परतला आणि म्हणाला, "राहू दे वं. आपल्यासाठी जागाच नाई." त्या संध्याकाळी तो पुन्हा प्यायला. पुढं कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. पोळ्याच्या आधी गेला.

तेरवीला एक अनोळखी माणूस आला. ऑटो चालवणारा नत्थू. पहिल्या दिवशी दादाच्या शेजारी तोच बसला होता. म्हणाला, "बाई, आम्ही तं शाळेमागच्या पिठाच्या गिरणीपाशीच बसून राह्यलो. दादाची लय वाट पाह्यली. सरायले सांगूनच गेलतो, कोणी आलं तं तिकडं धाडजा म्हणून. काऊन नाई धाडलं?"

काऊन नाही धाडलं, सर?

मी त्या दिवशीच हा प्रश्न तुम्हाला विचारला होता. तुम्ही म्हणालात, "मॅडम, दारुड्यांना वाटा दाखवणं हे शाळेचं काम नाही."

मी भांडले नाही, अर्ज केला नाही. आजच्या दिवसाची वाट पाहिली. उद्यापासून या शाळेचा कारभार माझ्याकडे येतोय. अण्णाजींची परवानगी मी आधीच घेतली आहे. येत्या रविवारपासून बैठक पुन्हा त्याच खोलीत भरेल. फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटी लागली आहे, येताना आपण पाहिली नसेल, मघाशीच लावली. त्यावर लिहिलंय: 'दारू सोडायची आहे? रविवारी या. जागा सापडली नाही तर समोरच्या घरी विचारा.'

समोरचं घर सरांचं आहे.

सर, निवृत्तीत तुम्हाला भरपूर वेळ मिळेल. लोक बेल वाजवतील. कुणाचे हात थरथरत असतील, कुणाच्या तोंडाला वास येत असेल. प्रत्येकाला तुम्ही फाटकापर्यंत आणून खोली दाखवायची. वहिनी, माझी विनंती आहे, दार उघडायला तुम्ही उठू नका. सरांनाच उठू द्या.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर या सभागृहानं पोटात घालावं.

सरांची क्षमा मी मागत नाही.