कर्णिकबाईंचा वाक्यांचा वर्ग

मित्रहो, एवढ्या संख्येने आलात. बाईंना जाऊन आठवडा होत आला, तरी त्यांच्याविषयी ‘होत्या’ म्हणताना जीभ अडते. पण मी रडायला उभा नाही. बाईंचा तुकोगंजातला इंग्रजीचा वर्ग बंद करायचं आपल्या मंडळात घाटतं आहे. त्यावर बोलायचं आहे.

बाई काय शिकवत? वाक्यांचे प्रकार. विधान, प्रश्न, आज्ञा, उद्गार. पुस्तकातली वाक्यं त्यांना चालत नसत. घरी कानावर पडेल ते आणायचं, इंग्रजीत करायचं आणि प्रकार सांगायचा.

रोशनी सांवेर गावाहून बसने यायची. तिने आणल्या नुसत्या आज्ञा. पाणी आण. दार लाव. गप्प बस. बाई म्हणाल्या, “एकाध सवाल भी ला.”

“मैडमजी, हमारे यहाँ कोई कुछ पूछता ही नहीं.”

“तो तू पूछ.”

ती विचारू लागली. चार दिवसांत वडील वर्गाच्या दारात.

“मैडमजी, इंग्रेजी सिखाओ, सवाल मत सिखाओ.”

“भाईसाहब, सवाल के बिना इंग्रेजी आधी आएगी.”

“तो आधी ही सिखा दो.”

आम्ही वर्गातली मुलं हसलो. बाई हसल्या नाहीत. रोशनीचं येणं थांबलं.

पुढच्या रविवारी बाई सांवेरला गेल्या. मी सोबत होतो. ओट्यावर बसून त्यांनी वडिलांना एवढंच सांगितलं, मुलीला एक प्रश्न विचारा, कोणताही, मग मी निघते. त्यांनी अंगणातल्या ट्रॅक्टरवरची धूळ झटकली. मग रोशनीला म्हणाले, “बस में सीट मिलती है?”

“नहीं, पापा. खड़े-खड़े जाती हूँ.”

सोमवारी ते स्वतः तिला मोटारसायकलवर घेऊन आले.

तीच रोशनी आज शिक्षिका आहे. बाई अंथरुणाला खिळल्यापासून वर्ग तीच घेते. आणि आपले लोक म्हणतात, बाईच गेल्या, आता वर्ग कशाला? अरे भिया, वर्ग काय बाईंच्या हौसेचा होता? मुलं अजून येतात. बसने येतात, उभ्याने येतात. त्यांना काय सांगायचं?

अध्यक्षसाहेब, वर्गाची खोली मंडळाची आहे, मान्य. सोमवारी तिचं कुलूप उघडणार का? मला ‘बघू’ नको. हो किंवा नाही.

चला, उभे राहू या. बाईंसाठी दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. त्यानंतर पहिला शब्द अध्यक्षांचा.