दाढदुखी

खोटं वाटेल, पण माझ्या कानांनी ऐकलंय. लढाई संपली तशी सरकारने शिसं मिसळलेली जुनी नाणी परत घेऊन खऱ्या चांदीची द्यायला सुरुवात केली. जुनं लपवलं तर तुरुंग. बदलीच्या रांगेत माझ्यापुढे एक नवराबायको होते.

"अगं, तेवढं एक मुठीत कशाला? टाक पिशवीत."

"पोराने लढाईला जाताना हातावर ठेवलंय. तो येईपर्यंत मी नाही द्यायची."

"तो येईपर्यंत आपण गजाआड! शिपाई मुठी उघडून बघतोय."

"बघू दे. मुठीत राहिलं तर ना!"

"अगं ए, तोंडात काय टाकलंस?"

"पुढचे! जुनी नाणी सगळी दिलीत?"

"हो साहेब, सगळी."

"बाईंनी सांगावं."

"तिची दाढ दुखतेय, साहेब."

"कधीपासून?"

"आत्ताच... म्हणजे, लढाईपासून."

"आ करा, बाई. अजून मोठा. हं, काही नाही. जा."

"अगं, गिळलंस की काय?"

"थांबली हो दाढ दुखायची."

"पुढचे! आजी, तुमचं नाव?"

मी गालावर हात ठेवला. माझं नाणं तिच्या नाण्यापेक्षा मोठं होतं.