अठरा तास, सरळ रेषेत

...नाही, नाही, त्या झाडूला हात लावू नका! आणि पाय जरा जपून, खाली मिरच्यांची सालं आहेत. दिसतायत हो मला, गुरुवारपासून तीच बघतेय मी!

तुम्हाला सांगते, गुरुवारी आम्ही वर्षभराची आयवार चटणी केली. लाल मिरच्या भाजा, सोला, घोटा... अंगणापासून स्वयंपाकघरापर्यंत सालंच सालं! आणि शुक्रवारी सकाळी ब्लागोयदादा निघाला मेलबर्नला, नोकरीसाठी. वाट पाण्यासारखी सोपी व्हावी म्हणून आजीनं त्याच्या मागे भांडंभर पाणी ओतलं, डोळे पुसले, आणि वळून आईला म्हणाली, "आता पोरगा पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. वाट पुसली जाते त्याची!"

आईनं हातातला झाडू आपटलाच. का म्हणजे? शनिवारी दुपारी ओह्रिदहून रत्काआत्याला बघायला येणार होते ना! आत्याची चाळिशी उलटली, तीनदा जमता जमता मोडलंय, आणि आता या उकिरड्यात बसवायचं पाहुण्यांना?

"घाबरतेस काय वहिनी!" आत्यानं फोन नाचवला. "हे बघ, स्कोपिये ते मेलबर्न, पंधरा हजार किलोमीटर, अठरा तास! पहाटे पोचेल. आणि आई, वाट कसली पुसली जातेय? आकाशातून चाललाय तो!"

अठरा तास म्हणे! सरळ रेषेत! अहो, पण सरळ जाणारं विमान आहे का एक तरी? पहाटे आई झाडू घेऊन तयार, आणि दादाचा निरोप, 'पुढचं विमान रखडलंय. इस्तंबूललाच आहे.' इस्तंबूल! जिथं आमच्या या बितोला गावाची माणसं बसनं पडदे घ्यायला जातात!

दुपारी पाहुणे आले. मुलगा मेतोदी, आणि त्याची आई दोंकाबाई. बाई दारातच थांबल्या. सालांकडे बघतात, आईकडे बघतात... आईला वाटलं, झालं, चौथ्यांदा मोडलं!

"कुणी प्रवासात आहे का?"

"नातू," आजी म्हणाली. "मेलबर्नला. आत्ता कुठं इस्तंबूल सुटलंय."

"मग तो झाडू आधी दाराआड टाका!" असं म्हणून बाई सालं तुडवत आल्या आणि आजीच्या गळ्यातच पडल्या. "असं घर हवं! हल्लीच्या मुली माणूस उंबऱ्याबाहेर पडला की झाडायला घेतात!"

"छे, आमच्यात नाही बाई तसं," आत्या म्हणाली. आमची आत्या! मान खाली घालून!

जमलं हो, जमलं! संध्याकाळी पाहुणे गेले, आज सकाळी दादाही पोचला. आई झाडूवर झेपावली, तर तिच्या हातातून तो हिसकावला कुणी? आत्यानं! "वहिनी, खबरदार! माझं सासर अजून वाटेत आहे!"

त्यांची मोटार म्हणे अर्ध्या वाटेत, रेसेनला बंद पडलीय, आणि मेकॅनिक गेलाय कुणाच्या तरी लग्नाला. बितोला ते ओह्रिद किती हो? मी फोनवर पाहिलं. विमानानं चार मिनिटं. सरळ रेषेत!

आणि तुम्हीही निघालात का? बरं... घरी पोचलात की तेवढा फोन करा. आजी तुम्हालाही वाटेतल्यांत धरणार आहे.